उमेदवारीचे कागद

दिवाळीची आवराआवर म्हणजे घरोघरचे उत्खननच म्हणायचे. आमच्या भाईंदरच्या घरात यंदा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. वर्षानुवर्षे ती उघडण्याचा प्रसंग आला नव्हता. आत लग्नातल्या शालू-शेल्यांखाली एक जाडसर पाकीट निघाले आणि पाकिटात तीन कागद. पहिला माझ्या वडिलांचा व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला; घडीवर घडी पडून त्याचे चार तुकडे व्हायला आलेले. दुसरा माझा, इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा उतरल्याचा, १९७१ सालचा. तिसरा आमच्या सौभाग्यवतींचा, एमएस-सीआयटीचा, २००४ चा. तिन्ही कागद मी जमिनीवर ओळीने मांडून पाहत होतो, तोच गॅलरीतून नातीचा सूर ऐकू आला : "बावीस, त्रेपन्न, ऐंशी, चारशे त्रेचाळीस, तेहेतीसशे एकोणनव्वद..."

"अगं, हे कसले पाढे?" मी विचारले.

"पाढे नाहीत आजोबा, पोर्ट आहेत. संगणकाची दारं. प्रत्येक कामाचं दार निराळं आणि त्याचा नंबर ठरलेला. परीक्षेला विचारतात."

नात संगणक-दुरुस्तीच्या आणि मदतकक्षाच्या कामाची पहिली परीक्षा देते आहे. तिला 'ए प्लस' म्हणतात. मुक्त विद्यापीठातून पदवी घेता घेता स्टेशनाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात तिने दोन वर्षे हात काळे केले. आता एखाद्या बऱ्या कंपनीच्या मदतकक्षात शिरायचे तर हा कागद हवा, असे तिचे म्हणणे. म्हणजे ट्रंकेत चौथा कागद येऊ घातला आहे! त्या दुपारी आवराआवर तशीच राहिली आणि घरातल्यांची बोलणी खात मी या कागदांच्या कुळकथेत शिरलो.

*

परीक्षा ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट. मिरा, भाईंदर, घोडबंदर ही गावे जुन्या साष्टी मुलखाच्या उत्तरेकडची. १७३७ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी खाडीपलीकडची वसई घेतली. आणि १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला तेव्हा साष्टीही त्यांच्या हाती गेली. चाळीस वर्षांच्या आत तीन राज्ये आणि तीन तऱ्हांची दप्तरे! राज्य कोणाचेही असो, सारा लिहिणारा, जमाखर्च जुळवणारा कारकून हा लागणारच. तो कारकून तयार कसा होई?

पोराने आधी धुळपाटीवर अक्षर गिरवायचे, मग उजळणी : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. अपूर्णांकांचे हे पाढे तोंडपाठ झाले आणि मोडीचे वळण बसले की कोणा ओळखीच्या माणसाचा हात धरून दप्तरात जायचे आणि थोरल्या कारकुनाच्या शेजारी बसून बिनपगारी नकला उतरायच्या. या मुलाला म्हणत 'उमेदवार'. आज आपण निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला उमेदवार म्हणतो. पण 'उमेदवारी करणे' या प्रयोगात जुना अर्थ अजून जिवंत आहे. उमेद धरून बसलेला, तो उमेदवार.

या पद्धतीत काम फार चांगले शिकता येई, यात शंका नाही. शेजारी बसून शिकण्यासारखे शिक्षण नाही. पण त्या शेजारी बसायला मिळणार कोणाला? ज्याचा मामा दप्तरात आहे त्याला. ज्याचा कोणी नाही त्याने उमेद तरी कशावर धरायची? गुण होता तो शिकण्यात. दोष होता तो दारात.

*

ते दार पुरते नव्हे, पण थोडे किलकिले केले ते परीक्षेने. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. ही मोठ्या माणसांची गोष्ट झाली. लहान माणसांना इंग्रजी शाळेची फी कुठली परवडणार? त्यांच्यासाठी मराठी सातवीची परीक्षा होती, तीच व्हर्नाक्युलर फायनल. ती उतरला की प्राथमिक शाळेतली मास्तरकी किंवा सरकारी कचेरीतली लहानसहान जागा मिळण्याची आशा धरता येई. खेड्यात 'फायनल झालेला' या दोन शब्दांना केवढे वजन होते, हे आजच्या पदवीधरांना सांगून खरे वाटणार नाही.

माझ्या वडिलांचा कोणी मामा दप्तरात नव्हता. कोकणातल्या गावाहून तालुक्याला चालत जाऊन त्यांनी फायनल दिली, आणि त्या कागदाच्या बळावर मुंबईस येऊन एका कचेरीत चिकटले. ते म्हणत, "वशिला नसलेल्याचा वशिला म्हणजे परीक्षा." आमच्या घराण्याचा सारा इतिहास या एका वाक्यात मावतो.

*

दुसऱ्या कागदाची कथा यंत्राची आहे. टाइपरायटर आला तेव्हा वळणदार अक्षराची किंमत एका रात्रीत उतरली. ज्यांनी उभा जन्म मोत्यासारखे अक्षर काढण्यात घालवला, त्या कारकुनांना काय वाटले असेल? पण त्याच यंत्राने हजारो नव्या मुलामुलींना दार उघडले. गिरगावात, दादरला, पुण्यात गल्लोगल्ली टंकलेखनाचे वर्ग निघाले. १९५५ मध्ये गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाहेर आणला. पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, राज्यकारभार मराठीतून चालू लागला आणि मराठी टंकलेखकांनाही मागणी आली.

मी ज्या वर्गात शिकलो तो एका चाळीच्या तळमजल्यावर होता. ओळीने यंत्रे मांडलेली, सर्वांच्या अक्षरपट्ट्या झिजलेल्या; झिजल्या ते बरेच, कारण पाहून टंकणे हे तिथे पाप. पहिले पंधरा दिवस डाव्या हाताचे 'ए एस डी एफ' आणि उजव्याचे 'सेमिकोलन एल के जे' यांखेरीज दुसरे काही नाही. करंगळी रडकुंडीला येई. मिनिटाला इंग्रजी चाळीस शब्द किंवा मराठी तीस शब्द साधले, चुका हिशेबात राहिल्या, की सरकारी वाणिज्य प्रमाणपत्र हाती पडे. त्या कागदावर मला बँकेत नोकरी लागली, नोकरीवर लग्न झाले, आणि पुढे गिरगावची खोली सोडून भाईंदरला घर घेता आले. चाळीस शब्दांवर एक संसार उभा राहिला, याहून अधिक त्या कागदाकडून काय मागावे?

त्या यंत्राचा काळही संपला. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणे थांबवले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये महाराष्ट्रात टंकयंत्रावरची शेवटची सरकारी परीक्षा झाली. त्यानंतर ती परीक्षा संगणकावर होऊ लागली. पण जुन्या 'रेमिंग्टन'ची मराठी अक्षररचना संगणकाच्या कळफलकावर अजून नांदते आहे. यंत्र गेले, बोटांची सवय राहिली.

*

मी बँकेत टंकयंत्र बडवीत असताना मुंबईच्या दुसऱ्या टोकाला निराळेच यंत्र जन्माला येऊन गेले होते, आणि आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच्या हाताने एक मोठे गणकयंत्र बांधले. १९६० मध्ये ते पुरते चालू झाले, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या! इतक्या नळ्यांतली एखादी कधी दगा देईल याचा नेम नाही. तेव्हा गणिते करणाऱ्यांइतकीच यंत्र जागते ठेवणाऱ्यांचीही गरज. माझी नात जे काम करू पाहते आहे, त्याचे मुंबईतले पूर्वज मी या मंडळींत शोधतो.

यंत्र आले तशी भीतीही आली. आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचे ठरवताच कर्मचाऱ्यांनी साठोत्तरीत जो विरोध केला तो जुन्या मंडळींना आठवत असेल. सरकारने या प्रश्नावर समिती नेमली तिचे अध्यक्ष आपले पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर होते. बँकांतही हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि १९८३ मध्ये संघटना व व्यवस्थापन यांच्यात मर्यादित संगणकीकरणाचा करार झाला. त्या वेळच्या मोर्चांत मीही होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. 'यंत्र भाकरी खाईल' असे आम्ही मनापासून मानत होतो.

आज मागे वळून पाहताना वाटते, आमची भीती अगदीच खोटी नव्हती. खातेवह्या लिहिणारे आणि बेरजा तपासणारे हात खरेच कमी झाले. चुकले ते इतकेच की नव्या यंत्राभोवती किती नवे हात लागतील, याचा अंदाज आम्हांला आला नाही. संगणक बेरीज चुकत नाही हे खरे. पण तो बंद पडतो, रुसतो, आपला छापखाना ओळखेनासा होतो, आणि मग साऱ्या शाखेचे काम एका पोरसवदा मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसते!

*

या सुमारास आमचे गावही बदलत होते. मी भाईंदरला आलो तेव्हा लोकलच्या खिडकीतून दोहो बाजूंना मिठागरे दिसत. उन्हात मिठाचे ढीग चांदीसारखे चमकत. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदरची नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत जेमतेम पावणेदोन लाखांची असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून आलेला, सकाळी विरार लोकलला लोंबकळणारा, मुलांना काहीतरी 'लाइनीला' लावू पाहणारा हा सारा संसार. अशा गावात वशिला कुणाचा असणार? तेव्हा वर्गांच्या पाट्या लागल्या नसत्या तरच नवल! आमच्या डोळ्यांदेखत टंकलेखनाच्या पाट्या उतरल्या आणि त्याच खिळ्यांवर संगणकाच्या पाट्या चढल्या.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले आणि त्याने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला. माउस कसा धरावा येथपासून आरंभ, मराठीतूनही शिकण्याची सोय, तालुक्या-तालुक्याला केंद्र. पाहता पाहता लाखो लोक त्यातून गेले. शासकीय नोकरीसाठी हा कागद मागितला जाऊ लागला, आणि नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यांना नि शिक्षकांनाही तो मिळवण्याची मुदत आली. आमच्या सौभाग्यवती शाळेत शिक्षिका. पन्नाशीला टेकलेल्या बाई आपल्याच जुन्या विद्यार्थ्याच्या हाताखाली शिकायला बसल्या. माउस हलवता हलवता तो टेबलाच्या कडेला गेला की त्या विचारीत, "आता पुढे कुठे नेऊ?" विद्यार्थी बिचारा हसू दाबून म्हणे, "बाई, उचलून परत मध्ये ठेवा." परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांना झोप नव्हती. ज्यांनी पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांची भीती घालवली, त्या बाई स्वतः घाबरलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. उतरल्याचा कागद आला त्या दिवशी त्यांनी साखरभात केला.

*

आता चौथा कागद. याची हकीकत साता समुद्रापलीकडची आहे. १९८१ मध्ये आयबीएमने आपला घरगुती संगणक बाजारात आणला, आणि लौकरच त्याच्या नमुन्यावर शेकडो कारखानदारांनी यंत्रे काढली. यंत्र एकाचे, पडदा दुसऱ्याचा, छापखाना तिसऱ्याचा. बिघडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. अमेरिकेतल्या संगणक-विक्रेत्यांनी १९८२ मध्ये एक संघ काढला होता. तोच पुढे 'कॉम्पटिया' म्हणून ओळखला जाऊ लागला. या संघाने १९९३ मध्ये, कोणत्याही एका कारखान्याशी न बांधलेली, दुरुस्ती करणाऱ्याची परीक्षा सुरू केली. तीच ए प्लस.

नातीने मला तिचा आराखडा समजावून सांगितला. पेपर दोन, प्रत्येकी नव्वद मिनिटे आणि जास्तीत जास्त नव्वद प्रश्न. गुण शंभर ते नऊशे या मापावर. पहिल्यात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० पडले तर उतरलात. काही प्रश्नांत पर्याय नसतात. पडद्यावर बिघडलेले यंत्रच मांडतात आणि म्हणतात, करा दुरुस्त. पाठांतर पुष्कळ : रॅमचे प्रकार, वायरींची टोके, लेझर छापखान्याच्या पोटात कागद कोणत्या क्रमाने सात संस्कारांतून जातो, आणि ती पोर्टची उजळणी. सकाळच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या ती हे घोकते. पणजोबांनी तालुक्याच्या वाटेवर दिडकी घोकली, पणती बोरिवली येईपर्यंत पोर्ट घोकते.

पण मला भावला तो या परीक्षेतला दोष शोधण्याचा शिरस्ता. त्याच्या पायऱ्या सहा. प्रथम बिघाड नीट समजून घ्या. म्हणजे समोरच्या माणसाला विचारा, अलीकडे काय बदलले? मग संभाव्य कारणाचा अंदाज बांधा, आणि सर्वांत उघड, सर्वांत साधी शक्यता आधी धरा. तिसरी पायरी, तो अंदाज पडताळून पाहा. चुकला तर दुसरा. चौथी, उपाय ठरवा आणि करा. पाचवी, सारे यंत्र पूर्ववत चालते का ते बघा आणि बिघाड पुन्हा होऊ नये अशी तजवीज करा. सहावी, काय झाले आणि काय केले ते लिहून ठेवा. जुना वैद्य रोग्याची नाडी धरून याहून निराळे काय करीत होता?

आणखी एक गोष्ट मला नवी वाटली. माझा टंकलेखनाचा कागद जन्माचा आहे. आज माझी बोटे वाकडी झाली तरी कागद म्हणतो, मिनिटाला चाळीस. ए प्लसही पूर्वी जन्माची असे. पण २०११ पासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत तीन वर्षांची. ते चालू ठेवायचे तर पुन्हा काही शिकल्याचे दाखवावे लागते.

*

इथे एक कटू गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या काही कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या नागरिकांना फोन जात. आपण तिथल्या करखात्याचे अधिकारी आहोत असे सांगून, अटकेची भीती घालून पैसे उकळले जात. सातशेंहून अधिक तरुण कर्मचारी त्या रात्री ताब्यात घेतले गेले. सुमारे सत्तर जणांना अटक झाली आणि बाकीच्यांना नोटिसा देऊन सोडले. आमच्या गावाचे नाव जगाच्या वर्तमानपत्रांत आले ते असे!

त्या सातशेंतली पुष्कळ मुले विशी-बाविशीतली होती. गोड आवाज, इंग्रजी उच्चार, न चिडता बोलण्याची हातोटी हे गुण त्यांच्यात होतेच; आणि मदतकक्षाला नेमके हेच गुण लागतात. पुढे दुसऱ्या ठिकाणी अशीही फसवणूक निघाली की, फोन करणारा स्वतःला संगणक-दुरुस्तीवालाच म्हणवतो आणि 'तुमच्या यंत्रात विषाणू शिरला आहे' असे सांगून म्हाताऱ्यांना लुबाडतो. मी हे वाचले तेव्हा ट्रंकेतल्या कागदांची मला प्रथमच शंका आली. परीक्षा वशिल्याचे दार फोडते, हे खरे. पण दारातून आत गेलेला माणूस काय करील, हे ती कशी सांगणार? ए प्लसच्या दुसऱ्या पेपरात ग्राहकाशी कसे वागावे, त्याचे खाजगी कागद पाहू नयेत, याचेही प्रश्न असतात. उत्तर सर्वांना येते. ते पेपरात लिहिणे सोपे.

गेल्या वर्षी नातीला अशाच एका कार्यालयातून बोलावणे आले होते. पगार दुरुस्तीच्या दुकानातल्याच्या तिप्पट. पहिल्या दिवशी तिच्या हाती बोलायचा मजकूर दिला. त्यात स्वतःचे नाव खोटे सांगायचे होते. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. घरात कोणाला काही बोलली नाही, आठ दिवसांनी आजीजवळ म्हणाली, "आजी, त्यांना मदत करायला माणूस नको होता." आम्ही तिला शाबासकी दिली नाही, कारण त्या महिन्यात घराचा हप्ता थकला होता आणि तिचा पगार आला असता तर तो थकला नसता. ही गोष्ट मी आज इथे लिहितो ती तेव्हाची शाबासकी समजून.

*

परीक्षा भाऊबीज झाल्यावर आहे. फी आम्ही दोघांनी आमच्या निवृत्तिवेतनातून भरली, एका पेपरची माझी, एका पेपरची आजीची. उतरेल की नाही, सांगवत नाही.

धनत्रयोदशीच्या सकाळी खालच्या मजल्यावरचे भांडीवाले शेठजी धापा टाकीत वर आले. सणाची गर्दी, आणि त्यांचा बिले काढणारा संगणक मुकाट पडलेला. नात फराळाचे ताट तसेच ठेवून खाली गेली. मीही कुतूहलाने मागोमाग गेलो. तिने यंत्राला हात लावला नाही. आधी विचारले, "काका, कालपासून इथे काय बदललं?"

"काही नाही गं बाई. फक्त दिवाळीची झाडलोट केली."

ती टेबलाखाली वाकली, एक वायर दाबून बसवली, आणि पडदा उजळला. शेठजींनी खिशात हात घातला तो तिने धरला. मग त्यांनी स्टीलची एक वाटी बळेच हातात दिली. वर येऊन तिने फराळाला हात लावण्याआधी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिले : "संगणक चालू होत नव्हता. झाडलोटीत वायर निसटली होती. बसवली. बिल छापून पाहिले."

मी ट्रंक पुन्हा माळ्यावर चढवायला निघालो, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, इतक्यात नको. थोडी जागा ठेवून खालीच राहू दे."